चढतं ते वेगळं, बाधतं ते वेगळं

माझं बालपण कराडजवळच्या एका वाडीत गेलं, पुढची २८ वर्षं शिराळा तालुक्यातल्या शाळेत विज्ञान शिकवलं. बत्तीस शिराळ्यात पूर्वी नागपंचमीला जिवंत नाग पुजायचे, त्यांच्या मिरवणुका काढायचे. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर त्या मिरवणुका थांबल्या. नागाशी इतकी जवळीक असलेल्या मुलखातही ‘विषारी म्हणजे काय’ हे मला सावकाशच उमगलं.

१. ‘विषारी’ हा एक शब्द पुरत नाही. नाग विषारी आणि भेकही विषारी, असं म्हणून आपण मोकळे होतो. पण नाग दातानं विष टोचतो, भेकाचं विष त्याला तोंडात धरणाऱ्याला भोवतं. आमची आजी कधी चुकली नाही. लांबडं चावलं की विष ‘चढतं’, पोटात गेलेलं ‘बाधतं’. मी फळ्यावर हीच दोन क्रियापदं लिहायचो.

२. भेकाला दात नसतात. वळवाच्या पावसात आमच्या कुत्र्यानं एक भेक तोंडात धरला आणि लगेच टाकला. तोंडाला फेस आला, पंजांनी तो जीभ ओरबाडू लागला. बॅटरीच्या उजेडात भेकाच्या डोळ्यांमागच्या फुगीर गाठींवर दुधासारखा चिकट द्रव दिसला. कुत्र्याची मान खाली धरून आम्ही तोंड धूत राहिलो. तासाभरानं तो सावरला.

३. मण्यारीचा दंश दुखेलच असं नाही. माझा चुलतभाऊ उन्हाळ्यात जमिनीवर निजला होता. पहाटे पोटात कळ आली. पित्त समजून आम्ही लिंबूपाणी दिलं. अंगावर खूण नव्हती, सूज नव्हती. उजाडलं तेव्हा त्याला पापण्या उचलता येत नव्हत्या, बोलणं जड झालं होतं. म्हातारे म्हणाले, “पान लागलंय याला,” म्हणजे साप चावलाय. प्रतिविष मिळालं, आठ दिवस श्वासाच्या यंत्रावर राहिला, वाचला. बाधलंय समजून आम्ही घालवलेले ते दोन तास मला अजून छळतात. तेव्हापासून आमच्या घरात कोणी मच्छरदाणी खोचल्याशिवाय निजत नाही.

४. घोणस रक्तावर घाला घालते. उसाच्या फडात पायाला दंश झालेल्या मजुराबरोबर मी दवाखान्यात गेलो होतो. डॉक्टरांनी काचेच्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटं हलवलं नाही. मग नळी तिरकी केली, तर रक्त पाण्यासारखं वाहिलं, गोठलंच नव्हतं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच प्रतिविष चालतं. चिरणं, चोखणं, करकचून बांधणं यात वेळ जातो, वर अपायही होतो.

५. बाधणारे जीव कधी फार देखणे असतात. रुईच्या पानांवर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे सुरवंट असतात. रुईचं विष ते अंगात साठवतात, म्हणून पक्षी त्यांना सहसा टाळतात. शाळेच्या कुंपणापाशी सातवीतल्या एका मुलीनं असा सुरवंट दाखवला. “सर, हा चढणारा नाही, बाधणारा,” ती म्हणाली आणि पान न तोडता वर्गात गेली.