चोणक गरवायचा तर: काठी, तंगूस, गळ आणि मोजपट्टी



पावसाळा जवळ आला की नदीत गरवायला जाणाऱ्यांची संख्या वाढते. समुद्रात यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै बंदी असते, त्यामुळे घर चालवायला नदीचाच आधार. आणि नदीतला राजा मासा म्हणजे आपला चोणक. गळाने चोणक कसा धरावा, त्याला सामान काय लागते, आणि धरल्यावर काय करावे, हे सगळे एका ठिकाणी लिहून ठेवतो. जुन्या जाणत्यांना यातले बरेच ठाऊक असेल. घरातल्या पोरांना वाचून दाखवा.

पहिली गोष्ट, मासा ओळखा

आपण चोणक म्हणतो, रायगडकडे त्यालाच जिताडा म्हणतात, बंगालात भेटकी आणि ऑस्ट्रेलियात बारामुंडी. हॉटेलच्या कार्डावर 'सी बास' लिहितात तोही बहुतेक वेळा हाच. नाव समुद्राचे असले तरी लहानपण याचे नदीत, खाडीत आणि खाजनात जाते.

हा पाठलाग करून शिकार करणारा मासा नव्हे, दबा धरून बसणारा. पुलाचा खांब, बुडालेले लाकूड, खडक किंवा खारफुटीची मुळे यांच्या आडोशाला, जिथे पाण्याचा जोर कमी तिथे तो प्रवाहाकडे तोंड करून थांबतो. शेवटो किंवा सुंगट वाहत समोर आले की तोंड एकदम उघडतो आणि पाण्यासकट आत ओढतो. शांत रात्री तो 'टप्प' आवाज लांबून ऐकू येतो. एवढे लक्षात ठेवले तर पुढचे सगळे सोपे आहे. आमिष त्याच्या डोक्यावर फेकायचे नाही. प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकायचे आणि पाण्याबरोबर त्याच्याकडे जाऊ द्यायचे.

जागा आणि वेळ

मांडवीत भरतीचे पाणी थेट गांजेपर्यंत चढते, त्यामुळे चोणक पणजीच्या पुलाखाली मिळतो तसा वरच्या बाजूलाही मिळतो. जागा शोधताना हे बघा:

१. खारफुटीतून लहान नाला नदीला मिळतो ते तोंड. ओहोटीला आतली सुंगटे, बारीक मासळी बाहेर येते आणि चोणक तोंडाशी वाट बघतो.

२. मानशीच्या दारापुढचा खळगा. पण मानशीची पावणी ज्याने घेतली आहे त्याला विचारल्याशिवाय तिथे गळ टाकू नका. तो त्याचा हक्क आहे, आणि गावात भांडण नको.

३. पुलाखाली दिव्याचा उजेड आणि खांबाची सावली जिथे मिळते ती रेघ. बारीक मासळी उजेडात असते, चोणक सावलीत.

४. गढूळ आणि निवळ पाणी एकत्र येते ती पट्टी.

वेळ म्हणाल तर पाणी फिरण्याच्या आगेमागे. ओहोटीचे शेवटचे दोन तास आणि भरती लागल्यावरचा पहिला तास सर्वांत चांगला. त्यात पहाट किंवा तिन्हीसांज जुळून आली तर उत्तमच. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटे पुढे जाते, तेव्हा कालच्या वेळेवर आज जाऊन चालत नाही. पुनवेच्या आणि अवसेच्या उधाणाला ओढ जास्त आणि पाणी गढूळ. अष्टमीच्या आसपास भांगेचे पाणी संथ आणि निवळ असते. नवीन माणसाने भांगेच्या दिवसांत शिकावे, आमिष जागेवर राहते.

सामान

काठी आणि रीळ: साडेसहा ते सात फुटांची, जरा ताठ काठी. रीळ ४००० मापाचे पुरते. त्यावर ३० पौंडी विणलेली दोरी. रिळाचा ब्रेक अंदाजाने ठेवू नका. दोरीचे टोक ताणकाट्याला बांधून ओढा, साधारण ४ किलोला दोरी सुटू लागली पाहिजे. जास्त आवळला तर तुटते, सैल ठेवला तर मासा खांबाला वळसा घालतो.

हातदोरी: ज्यांना काठी परवडत नाही त्यांनी लाजू नये. ०.७० ते ०.८० मिलिमीटरचे चांगले तंगूस घ्या. ते होडीच्या तळावर पसरू नका, टोपलीत किंवा टबात गुंडाळून ठेवा. हातमोजे घालाच. आणि काही झाले तरी दोरीचा वेढा पंजाला घ्यायचा नाही. मोठा मासा पळाला की बोट कापून जाते.

पुढचा तुकडा: मुख्य दोरी आणि गळ यांच्यामध्ये एक मीटरभर जाड तंगूस, ०.८० ते ०.९० मिलिमीटर. चोणकाला तामशासारखे कापणारे दात नसतात, म्हणून तारेची गरज नाही. पण त्याचे ओठ कानशीसारखे खरखरीत असतात आणि कल्ल्याच्या झाकणाची कड सुरीसारखी असते. बारीक तंगूस दोन झटक्यांत घासून जाते. प्रत्येक मासा काढल्यावर या तुकड्यावरून बोट फिरवा, खरखर लागली तर तेवढा भाग कापून नवी गाठ मारा. गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा. कोरडी आवळली तर तंगूस तापते आणि तिथेच तुटते.

गळ: सुंगटाला २/० किंवा ३/०, जिवंत शेवट्याला ४/० ते ६/०. जाड तारेचा घ्या, स्वस्तातला सरळ होतो. टोक आत वळलेला गोल गळ मिळाला तर तोच घ्या. तो पोटात न रुतता बहुतेक वेळा ओठाच्या कोपऱ्यात बसतो. मात्र त्या गळाला झटका द्यायचा नाही. दोरी ताणली की हळूहळू गुंडाळत जायचे, तो आपोआप बसतो. सवयीने झटका दिला तर तोंडातून सुटून येतो.

आमिष

जिवंत आमिषासारखे दुसरे काही नाही. सुंगट असेल तर गळ शेपटीकडच्या मांसातून घाला, किंवा डोक्यावरच्या काट्याच्या मुळातून. डोक्यातला काळा ठिपका चुकवा, तिथे लागले की सुंगट लगेच मरते. शेवट्याला वरच्या ओठातून किंवा पाठीच्या पराच्या पुढे, कणा चुकवून. बादलीतले पाणी अर्ध्या तासाने बदला किंवा बॅटरीवरचा हवेचा पंप लावा. उन्हात पाणी गरम झाले की आमिष आधी मरते.

संथ पाण्यात फ्लोट लावून आमिष तळापासून हातभर वर ठेवा. ओढ असेल तर सरकते शिसे लावा, आमिष जागेवर राहील एवढेच, जास्त नको.

खोटे आमिष वापरायचे तर दहा-बारा सेंटिमीटरचा बुडणारा लूर किंवा शेपटी हलणारा रबरी मासा. भराभर ओढू नका. दोन झटके, मग थांबा, परत दोन झटके. चोणक बहुतेक वेळा थांबलेल्या क्षणीच घेतो.

मासा लागल्यावर

पहिली दहा सेकंदे महत्त्वाची. चोणक लागला की खांबाकडे, मुळांकडे धावतो, तेवढा वेळ त्याला मोकळीक द्यायची नाही. एकदा उघड्या पाण्यात आला की घाई करू नका. काठी खाली, बाजूला धरा, म्हणजे तो कमी उड्या मारतो. उडी मारून डोके झटकू लागला की दोरी किंचित ढिली करा. दमला की आडवा होतो, तेव्हा झोळी पाण्यात खाली धरून डोक्याच्या बाजूने आत घ्या. कल्ल्याच्या झाकणाखाली उघडे बोट घालू नका, खोल कापते.

ठेवायचा मासा असेल तर लगेच कल्ले कापून रक्त वाहू द्या, मग बर्फात. नुसते वर चार खडे ठेवून उपयोग नाही. माशाच्या वजनाइतका बर्फ आणि थोडे पाणी, म्हणजे थंडावा सगळीकडून लागतो. चोणकाचे मांस पांढरे आणि घट्ट राहिले तरच गिऱ्हाईक भाव देते. तासभर उन्हात राहिलेला आणि बर्फातला मासा बाजारात शेजारी ठेवला की फरक न सांगता दिसतो.

आता मोजपट्टी

सामानाच्या यादीत हिला मी मुद्दाम घातले आहे. कारण असे की चोणक जन्माला येतो तो नर म्हणून, आणि वाढल्यावर त्याचीच मादी होते. दीड ते अडीच किलोपर्यंतचे बहुतेक नर असतात. चार ते सहा किलोच्या पुढे गेले की बहुतेक माद्या. पावसाळ्याच्या सुमारास त्या नदीच्या मुखाजवळ खाऱ्या पाण्यात अंडी घालतात, एका मोठ्या मादीची अंडी लाखोंनी असतात. पिल्ले भरतीबरोबर खारफुटीत आणि खाजनात शिरतात आणि तिथे वाढतात.

म्हणजे लहान मासा मारला तर पुढची मादी गेली. मोठी मादी मारली तर पुढचे पीक गेले. जाळ्यात आला तर तो बहुधा मेलेलाच मिळतो, तिथे आपल्या हातात काही राहत नाही. गळाला लागलेला मासा जिवंत हाती येतो. ठेवायचा की सोडायचा, हे ठरवायची संधी गळवाल्यालाच आहे.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड राज्यात याच माशाला ५८ सेंटिमीटरच्या खाली आणि १२० सेंटिमीटरच्या वर धरायला मनाई आहे. मधला घ्या, दोन्ही टोके सोडा, असा त्याचा अर्थ. आपल्या सभासदांना माझी विनंती अशी: वल्ह्यावर किंवा होडीच्या फळीवर ५८ सेंटिमीटरला एक आणि एक मीटरला दुसरी खूण कोरून ठेवा. पहिल्या खुणेच्या आतला कधीही सोडा. दुसऱ्या खुणेच्या पुढची मादी निदान जून ते सप्टेंबर सोडा. मला ठाऊक आहे, जूनमध्ये घरात पैसा नसतो आणि एवढा मासा सोडणे सोपे नाही. म्हणून ही सक्ती नव्हे. पण बंदीच्या दोन महिन्यांत आपण सगळे नदीतच असतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत माद्या मुखाकडे उतरतात. सगळ्यांनी सगळ्या काढल्या तर चार वर्षांनी पोरांनी गरवायचे काय?

सोडताना हात ओले करा, जबड्याला धरून उभा लटकवू नका, पोटाखाली हात द्या. गळ खोल गेला असेल तर ओढू नका, तंगूस जवळ कापा. प्रवाहाकडे तोंड करून पाण्यात धरा, शेपटी जोराने हलवली की सोडा.

जिवाची काळजी

कुंभारजुव्याच्या कालव्यात मानगे आहेत, हे विसरू नका. काठावर पाय पाण्यात सोडून बसू नये, मासे तिथेच साफ करू नयेत. बार्जच्या वाटेत नांगर टाकू नका, रात्री होडीवर दिवा हवाच. पावसात वीज चमकू लागली की काठी खाली ठेवून किनारा गाठा. चोडणच्या पक्षी अभयारण्यात वन खात्याच्या परवानगीशिवाय शिरू नका. आणि सुरुंग किंवा विष घालून मासे मारणे १८९७ सालच्या कायद्यापासून गुन्हा आहे. कोणी करताना दिसला तर गप्प बसू नका, नुकसान आपलेच.

शेवटी एक काम. घरात एक वही ठेवा. तारीख, तिथी, भरती की ओहोटी, जागा, आमिष, माशाची लांबी, ठेवला की सोडला, एवढेच लिहा. लिहायचे काम घरातल्या शाळेच्या पोराला द्या. एका हंगामात तुमच्या वाड्याचे पाणी तुम्हाला कळेल, आणि पुढच्या बैठकीत सगळ्यांच्या वह्या शेजारी ठेवून बोलता येईल.

नदी भरभरून देवो.

आपला,
सचिव