फोन धरणारी

काल रात्री तू अर्धा तास रडलीस आणि मी नुसती हं हं करत राहिले, म्हणून आज सविस्तर बोलते. तुमच्या चौघींतली एक रुसून गेली, तीन सुट्ट्या चाललेला सिनेमा अडकला, हे कळलं. पण त्यावर तू काय म्हणालीस? "ताई, ती करतेच काय, नुसता फोन तर धरते!" माझं भांडण या वाक्याशी आहे.

अगं, आमच्या टोळीत नुसता कॅमेरा धरणारी मीच होते.

बाबांनी हप्त्यांवर घेतलेला हँडीकॅम होता. मे महिन्यात मामाकडे जमलो की एक सिनेमा व्हायचाच. छोट्याशा टेपवर तासाभराचंच चित्रण मावायचं, त्यामुळे कुणी रिटेक मागितला की सगळे त्याच्यावर तुटून पडायचे. माझा हात हलत नाही, म्हणून कॅमेरा माझ्याकडे. चार सुट्ट्यांत चार सिनेमे झाले. त्यातले तीन उरलेत. चौथ्याची टेप सीडीवर उतरवायला एका दुकानात दिली होती. परत आली ती कुणाच्या तरी बारशाची. (बाळ गोड होतं, पण तरी.)

मागच्या वर्षी हे तिन्ही परत बघितले. मामेभाऊ मामीच्या साडीचं मुंडासं बांधून दरोडेखोर झालाय. गच्चीवरून पळताना त्याचा पाय वाळत घातलेल्या कुरडयांवर पडतो, खालून मामीचा आवाज येतो, आणि दरोडेखोर मुंडासं तिथेच टाकून जिन्याच्या दारामागे लपतो. हसून हसून पोट दुखलं. मग लक्षात आलं की यात मी कुठेच नाही. नाही म्हणायला एका ठिकाणी टाकीच्या भिंतीवर माझी सावली पडलीये, उजवं कोपर वर उचललेलं. तीन सिनेमांत मी एवढीच! तेव्हा कधी बोलले नाही. तुझी मैत्रीण निदान रुसली तरी.

तुला इंडियाना जोन्सचं वेड, म्हणून एक गोष्ट सांगते. अमेरिकेत मिसिसिपी राज्यातल्या ओशन स्प्रिंग्ज गावात 1982 साली ख्रिस स्ट्रॉम्पोलोस आणि एरिक झाला या शाळकरी पोरांनी ठरवलं, 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क' आपण जसाच्या तसा, दृश्यामागून दृश्य, पुन्हा करायचा. ख्रिस झाला हिरो, एरिक दिग्दर्शक आणि वर खलनायकही. सुट्टीमागून सुट्टी गेली, 1989 उजाडलं. दृश्यं पुढची-मागची कशीही घेतलेली, त्यामुळे एका प्रसंगात हिरोचा आवाज कोवळा, तर पुढच्यात फुटलेला. माकड कुठून आणणार? घरचा कुत्रा घेतला. एरिकच्या आईच्या तळघरात चक्क आग लावली. मधे त्यांच्यातही फाटलं होतं बरं का. विमानाचा एक प्रसंग तेवढा राहिला होता, तो चाळिशी ओलांडल्यावर, 2014 मध्ये, पुरा केला.

आता सांग, यात तिसरं नाव ऐकलंस का? जेसन लँब. कॅमेरा आणि सगळ्या करामती त्याच्या. मी पण बघ, गोष्ट सांगताना त्याला शेवटीच आणलं.

आणि इतक्या लांब तरी कशाला जायचं? आपल्या मालेगावात शेख नासिर यांचं व्हिडिओ पार्लर होतं. त्यांनी मित्र गोळा करून 'मालेगाव के शोले' केला, पुढे सुपरमॅनही मालेगावात उतरवला. तो सुपरमॅन म्हणजे यंत्रमागावर काम करणारा शफीक, किडकिडीत, निळ्या कपड्यांत. पुढे तो तरुणपणीच कर्करोगाने गेला. फैजा अहमद खान यांच्या माहितीपटात ही सगळी मंडळी दिसतात. ट्रॉली नाही म्हणून कॅमेरावाला सायकलवर! रीमा कागतींचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' तू बघितलायस ना? परत बघ, पण या वेळी नासिरचं लेखक मित्राशी कसं बिनसतं तेवढंच बघ. तुमच्यात घडलं ते तिथेही घडतं. ज्याच्या डोक्यावर सिनेमा उभा, त्यालाच वाटायला लागतं की आपण कुणाच्या खिजगणतीत नाही.

तू दिग्दर्शिका आहेस, हिरॉईनही आहेस, चांगलं काम करतेस. पण नावांच्या पाटीवर तुझं नाव तीनदा आणि तिचं एकदा, तेही 'विशेष आभार' मध्ये, हे मी तुमच्या पहिल्या भागात बघितलंय. तेव्हाच बोलायला हवं होतं मी. ती पाटी बदल. आणि हो, जागा नाही म्हणून फोनमधले फसलेले शॉट उडवू नकोस, आधी दुसरीकडे उतरवून ठेव. आमच्या टेपसारखं त्यांचं बारसं व्हायला नको. तिचा आवाज त्या फसलेल्या शॉटमध्येच असणार, "अगं, हसू नका गं" म्हणणारा.

माफी मागताना भाषण देऊ नकोस, तुला ती खोड आहे. मेसेजही नको. उद्या सकाळी सरळ तिच्या घरी जा, काकूंनी पोहे दिले तर खा, आणि पुढच्या शॉटला फोन तुझ्या हातात घे. तिला उभी कर समोर.