भिंतीची घाई करू नकोस

डहाणू,
ता. १० जून

चि. सौ. रेवतीस,


तू पाठवलेले हॉलचे फोटो पाहिले. विरारचं घर छान मिळालं आहे. हवेशीर आहे, पश्चिमेला मोठी खिडकी आहे, भाड्याच्या घराकडून आणखी काय मागायचं? तू लिहितेस, भिंती ओक्याबोक्या दिसतात, दुकानात तीन कॅनव्हासचा एक संच आवडला होता, पण किंमत ऐकून तुम्ही दोघं परत आलात. आता घरच्या घरी, थोडक्या पैशांत काय करता येईल ते आत्याने सांगावं. परत आलात ते बरंच केलंत. तसले संच मी कितीतरी घरांत पाहिले आहेत. चित्र तेच, रंग तेच, आणि वर्षभराने त्याच्याकडे घरातलं कुणी बघतसुद्धा नाही.

आधी एक सांगते, घाई करू नकोस. महिनाभर भिंती मोकळ्याच राहू दे. मोकळी भिंत म्हणजे काही दारिद्र्याची खूण नव्हे. या महिन्यात नुसतं बघ, ऊन कुठल्या वेळी कुठे पडतं, पाहुणे आले की कुठे बसतात, तुम्ही दोघं चहा कुठे पिता. तुमची खिडकी पश्चिमेची, म्हणजे दुपारनंतरचं ऊन समोरच्या भिंतीवर सरळ येणार. त्या भिंतीवर हळदीने रंगवलेलं किंवा स्केचपेनने काढलेलं काही लावलंस तर ते बघता बघता विटेल. गेरू मात्र विटत नाही. ती लोहाची माती आहे, उन्हाने तिचं काही बिघडत नाही. अजिंठ्याच्या भिंतींवरचा तांबडा रंग याच जातीचा, आणि तो शतकानुशतकं टिकला आहे.

दुसरी गोष्ट उंचीची. लोक चित्रं हमखास फार वर लावतात. ही जुन्या वाड्यांची आणि चाळींची सवय आहे. तिथे देवांच्या आणि पूर्वजांच्या तसबिरी छताखालच्या लाकडी पट्टीला, किंचित पुढे झुकवून टांगलेल्या असत, कारण त्यांच्याकडे मान वर करूनच बघायचं असे. रोजच्या सहवासाचं चित्र डोळ्यांसमोर हवं. उभ्याने बघायचं असेल तर चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण पावणेपाच फुटांवर ठेव. पण तुम्ही खाली गाद्या-लोड टाकून बैठक केली आहे, तेव्हा तिच्या वरचं चित्र फूटभर खाली आण. आणि खिळा ठोकण्याआधी चित्राच्या मापाचा वर्तमानपत्राचा कागद कापून भिंतीवर दोन दिवस चिकटवून ठेव. येता-जाता नजर त्याच्यावर सहज पडते का, की मान उचलावी लागते, ते आपोआप कळेल. खाली जी बैठक किंवा दिवाण असेल, त्याच्या रुंदीच्या दोन-तृतीयांश इतकं चित्र असलं की डोळ्यांना बरं वाटतं. त्याहून बरंच लहान असेल तर एकटं टांगू नकोस, ते भिंतीवर हरवून जातं.

आता करायचं काय? माझं ऐकशील तर पहिलं काम गेरूचं कर. त्यासारखं स्वस्त आणि घरंदाज दुसरं काही नाही.

एक जाड पुठ्ठा घे, दीड फूट बाय दोन फुटांचा. त्यावर जुन्या धोतराचा किंवा मलमलच्या ओढणीचा तुकडा खळीने चिकटव. खळ तुला ठाऊक आहेच: एक वाटी मैदा, पाच-सहा वाट्या पाणी, मंद आचेवर ढवळत राहायचं आणि पांढरेपणा जाऊन काचेसारखी झाक आली की उतरवायचं. बाइंडिंगवाले कीड लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद घालतात. तू घालणार असलीस तर ते विष आहे हे लक्षात ठेव, भांडं आणि चमचा कायमचा वेगळा काढ. पुठ्ठ्याच्या एकाच बाजूला ओलं कापड लावलंस की तो वाळताना होडीसारखा वाकतो. म्हणून मागच्या बाजूलाही त्याच वेळी एक कागद खळीने चिकटवायचा आणि रात्रभर जड पुस्तकांखाली दाबून ठेवायचा. हा कंटाळा करणाऱ्यांचे पुठ्ठे पुढे कधीच सरळ होत नाहीत.

गेरू रात्रभर पाण्यात भिजत घाल, सकाळी फडक्यातून गाळून घे, म्हणजे खडे निघून जातील. बाभळीचा डिंक वेगळा भिजवून त्याचं दाट पाणी कर. चार चमचे गेरूच्या लगद्याला एक चमचा डिंकाचं पाणी, इथून सुरुवात कर. पुठ्ठ्याच्या कोपऱ्यावर थोडा लावून वाळू दे आणि बोटाने घास. बोट तांबडं झालं तर डिंक कमी पडला. रंग चकाकायला लागला किंवा तडकला तर डिंक जास्त झाला. दोन हात द्यायचे, पहिला आडवा, दुसरा उभा. वाळल्यावर त्या पुठ्ठ्याला सारवलेल्या भिंतीचं जे अंग येतं, ते दुकानातल्या कुठल्याच रंगाला येत नाही. त्यावर काही न काढता तो तसाच टांगलास तरी मी खूश होईन.

पण तू काढणारच, आणि वारली काढणार, हे मला माहीत आहे. म्हणून याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

या तालुक्यातल्या शाळेत मी चित्रकला शिकवली. माझ्या वर्गातल्या मुली वारली पाड्यांवरून येत. त्यांच्यापैकी काहींच्या घरच्या लग्नांना गेले, तेव्हा चौक लिहिताना पाहिला. कारवीच्या कुडाची, शेणामातीने सारवलेली भिंत, आत उजेड बेताचा, आणि सवाशिणी तांदळाच्या पिठात बांबूची काडी बुडवून आधी चौकट आखतात. काडीचं टोक चावून किंवा ठेचून मऊ केलेलं असतं. ओलं असताना पीठ फिकट, जवळजवळ दिसेनासं असतं. नवखी असेल तर तिला वाटेल रेघ उमटलीच नाही आणि ती पुन्हा गिरवायला जाईल. त्या बायका गिरवत नाहीत. त्यांना माहीत असतं की वाळेल तसं पांढरं वर येईल. चौकटीच्या आत पालघाट देवी असते, आणि लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणत असते. हा चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. तो शोभेसाठी नसतो, तो लग्नाच्या विधीचाच भाग असतो.

म्हणून हा देवचौक उचलून बैठकीवर लावू नकोस. ज्यांची देवी आहे त्यांच्या लग्नघरात ती शोभते. १९७०च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी या पाड्यांवर आले आणि ही चित्रं भिंतीवरून कागदावर आणण्याला चालना मिळाली. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी तर बायकांच्या या कलेत पुरुष असून हात घातला आणि विधीच्या बाहेरचं सगळं जग त्या रेघांत आणलं: मासे धरायचं जाळं, मुंग्या, शेतं, आगगाडी. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते गेले. त्यांच्याकडून घ्यायचा तो हा धडा: आपल्या अवतीभवती जे हलतंय ते काढायचं. अस्सल वारली चित्र हवं असेल तर इथल्या कलावंताकडून लहानसं विकत घे. अर्ध्या फुटाचं चालेल, पण त्याच्या हातचं हवं. आणि स्वतः काढायचं तर तुझं जग काढ.

माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, एवढं तर तुला लहानपणी शिकवलंच आहे. खरी गंमत वरचा त्रिकोण कलवण्यात आहे. जरा पुढे कलवला की माणूस ओझं उचलतो, मागे कलवला की नाचतो, पुढे फार कलवला की रोप लावतो. चेहरा नाही, डोळे नाहीत, तरी कोण दमलंय आणि कोण आनंदात आहे ते दिसतं. या रीतीने विरारच्या फलाटावरची सकाळची गर्दी काढ. गच्चीवर पापड घालणाऱ्या बायका काढ. तुमच्या वरातीत नाचलेले सगळे काका-मामा काढ. पांढऱ्यासाठी तांदळाचं पीठ वापरू नकोस, पावसाळ्यात त्याला बुरशी येते आणि झुरळंही चाटतात. पांढरा पोस्टर कलर घे, हल्ली पाड्यावरचे कलावंतही बहुधा तोच वापरतात. पेन्सिलीने आधी काढून घेऊ नकोस. रेघ थोडी थरथरली तरी चालेल, खोडलेली दिसली तर मात्र चालणार नाही.

फ्रेमवर खर्च करायची गरज नाही. पुठ्ठ्याऐवजी नुसत्या कापडावर काम केलंस तर वर आणि खाली बांबूची एकेक काठी शिवून घे, वरच्या काठीला सुतळी, की झाला पट. एका खिळ्यावर भागतं, घर बदलताना गुंडाळून बगलेत मारता येतो.

आता कापडाचं. वहिनींच्या माळ्यावरच्या ट्रंकेत तुझ्या आजीने मॅटीवर फुलीच्या टाक्यांनी भरलेला मोर आहे. तो बाहेर काढ. रिठ्याच्या पाण्यात हलक्या हाताने धू, सावलीत वाळव. तशी कामं पूर्वी घरोघरी असत, आणि मग कधीतरी लोकांना ती जुनाट वाटायला लागली. मला ती कधीच जुनाट वाटली नाहीत. दिवसभराच्या कामातून उरलेल्या वेळात बाईने टाके मोजून मोजून केलेलं ते चित्र आहे. त्यासाठी मात्र काचेची चांगली फ्रेम करून घे. सगळ्या खर्चातला मोठा वाटा तिथे गेला तरी जाऊ दे.

खणाचे उरलेले तुकडे शिंप्याकडे मागितलेस तर सहज मिळतील. गुळेदगुडचा खण पुठ्ठ्यावर ताणून बसवला की त्याच्या काठासकट सुंदर दिसतो. फक्त फेविकॉल लावू नकोस, सुती कापडावर त्याचे डाग वर येतात. कापड मागे दुमडून दोऱ्याने समोरासमोरच्या कडा ओढून शिव. विरलेल्या इरकलीचा पदरही असाच लावता येईल. चांगली साडी मात्र भिंतीसाठी कापायची नाही.

बाजारातलं छापील चित्र आणलंस तरी माझी हरकत नाही, त्यावर तुझा हात फिरला पाहिजे इतकंच. रविवर्म्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथली लक्ष्मी-सरस्वतीची चित्रं सामान्य माणसाच्या घरात पोहोचली. त्यांतल्या कित्येक चित्रांवर बायकांनी घरी बसून देवीच्या साडीला खरं कापड चिकटवलं, जर लावली, टिकल्या आणि मणी शिवले. आज ती चित्रं संग्राहक शोधत फिरतात.

कागदावर काही करायचं असेल तर वर्तमानपत्राचा कागद किंवा साधा कार्डशीट टाळ, लवकर पिवळा पडतो. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, १९४० पासूनची. सुती चिंध्यांपासून केलेला तिथला कागद वर्षानुवर्षं टिकतो. पुण्याला गेलीस की चार ताव घेऊन ठेव.

थर्माकोलला घरात थारा देऊ नकोस. राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर २०१८ पासून बंदीच आहे, आणि नसती तरी मी हेच सांगितलं असतं. आइस्क्रीमच्या काड्या, जुन्या सीड्या, प्लास्टिकच्या बाटल्या रंगवून टांगण्याचे जे प्रकार चालतात, त्यांतल्या बहुतेकांचा कचरेपणा रंगाखालून दिसतच राहतो. वस्तू फुकट मिळाली म्हणून ती भिंतीवर आलीच पाहिजे असं नाही. स्वस्त वस्तूही देखणी हवी. नारळाची करवंटी, बांबू, माती, सुती दोरा हे सगळं स्वस्तच आहे, आणि जसं आहे तसं दाखवायला त्याला लाज नाही.

पावसाळ्याची काळजी आत्तापासून घे. पश्चिमेच्या भिंतीला ओल येणार, आणि फ्रेम भिंतीला घट्ट टेकली असेल तर मागे बुरशी धरणार. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बाटलीच्या बुचाच्या जाड चकत्या चिकटव, म्हणजे मागून वारा खेळेल. मॅटीचा मोर त्या भिंतीवर अजिबात लावू नकोस.

आणि एक खिळा रिकामा ठेव, दारासमोरचा. तो सणावारांचा. श्रावणात तिथे जिवतीचा कागद लागेल. आपल्याकडे तो देवघरापाशी लावतात, पण तुमच्या घरात देवघर स्वयंपाकघरात आहे, तेव्हा हॉलमध्ये लावलास तरी चालेल. दिवाळीत तिथेच कंदील: बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद, खळ आणि खाली झिरमिळ्या. अनिकेतला कामट्या बांधायला लाव, गाठी घट्ट बसायला दोन माणसं लागतात. चैत्रात जमिनीवर चैत्रांगण काढशील तेव्हा त्यातलीच शंख, कासव, तुळस अशी चिन्हं एका तावावर उतरवून त्या खिळ्यावर लाव. आपल्या घरांच्या भिंती नेहमी अशाच ऋतूंबरोबर बदलत आल्या. एकदा लावलं आणि दहा वर्षं सुटलो, हा विचार अलीकडचा आहे. हातचं केलेलं, सण झाला की उतरवलेलं, पुढच्या वर्षी नव्याने केलेलं, अशा चित्राकडे घरातल्यांचं लक्ष राहतं. मला तरी दारासमोरचा तो खिळा बाकीच्या सगळ्या सजावटीहून मोलाचा वाटतो.

घरमालकांना खिळ्यांबद्दल आधी विचार. डबल टेपच्या भरवशावर राहू नकोस, काढताना रंगाचे पोपडे घेऊन येते आणि मग ते अनामतीतून कापून घेतात. बैठकीची लांबी आणि तिच्या मागच्या भिंतीची रुंदी मोजून मला कळव. आषाढात मी येतेच आहे. इथल्या बाजारातून किलोभर गेरू आणि डिंक आणीन. तू पुठ्ठा आणि जुनं धोतर तयार ठेव, आणि वहिनींकडून ट्रंकेची किल्ली मागून घे.

अनिकेतला आशीर्वाद.

तुझी,
आत्या