ट्रॅक्टरचा डिझेल फिल्टर बदलताना

जालना जिल्ह्यात कापसाच्या व मोसंबीच्या शेतांत राबणाऱ्या ट्रॅक्टरांच्या टाकीत पिंपातील डिझेलबरोबर धूळ व पाणीही जाते. ते अडविणारा फिल्टर बदलण्यापूर्वी इंजिन थंड होऊ द्यावे, विडी-काडी दूर ठेवावी व टाकीची तोटी बंद करावी. बाहेरची धूळ पुसूनच बोल्ट सोडावा. खाली भांडे धरावे. जुन्या रबरी कड्याचा मोह नको, नवे बसवावे. नंतर तोटी उघडून, हवा काढण्याचा स्क्रू सैल करून हातपंप मारावा. बुडबुडे थांबताच स्क्रू आवळावा. इंजिन चालू असताना इंजेक्टरच्या नळीची गळती बोटाने कदापि तपासू नये. दाबाची बारीक धार कातडीत शिरते. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसली तरी त्या माणसास तत्काळ रुग्णालयात न्यावे.