तायोवर चिंच

पाटणच्या (साताऱ्याकडील नव्हे, काठमांडूजवळील बागमतीपलीकडच्या पाटणच्या) सासरी मला दीड वर्ष झाले होते. थोरल्या दिरांच्या मुलीची इही, म्हणजे नेवार कुमारिकेचा बेलफळाच्या साक्षीने सुवर्णकुमाराशी लागणारा विवाह, चार दिवसांवर आली असता लाल फडक्यातून निघालेला घरचा तायो पाहून माझ्या पुणेरी हातांना स्वस्थ बसवेना. ते लांबट, पोकळ, नागांच्या उठावाचे पदक मला काळवंडलेले भासले, आणि ताम्हन-पळी चिंचेने घासण्याचा माहेरचा परिपाठ स्मरून, कोणाची मुभा न घेता, मी चिंचेचा कोळ आणि राख घेऊन नळाखाली बसले. पहिल्या दोन हातांत तायो असा झळकला की स्वतःचेच कौतुक वाटले. तिसऱ्या हाताला मात्र एका फणेवर मसुरीएवढा तांबूस ठिपका उमटला, आणि तो धुतल्याने जाईना, कारण तो डाग नव्हता, उघडे पडलेले तांबे होते.

सोने पाऱ्यात कालवून तांब्यावर त्याचा लेप द्यावयाचा, अग्नीवर पारा उडवावयाचा आणि उरलेला मुलामा अकीकाने घोटावयाचा, ही इथल्या कारागिरांची पूर्वापार वहिवाट. तो थर इतका विरळ की राखेची खरखर त्याला सोसत नाही, आणि त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून खाली उतरलेले आम्ल पुढे हिरवा कीट काढते ते निराळेच. मधले पोवळेही निस्तेज झाले. पोवळे ही एक प्रकारची चुनखडीच, तिला चिंच कशी मानवावी!

ज्यांच्या जिम्म्यात असा ऐवज असेल त्यांनी तो जुन्या, धुऊन मऊ झालेल्या मलमलीने कोरडाच टिपावा, अत्तर-तेल दागिना चढविण्यापूर्वी लावावे, उतरविल्यावर घाम पुसल्याखेरीज तो गुंडाळू नये, आणि प्रत्येक जिन्नस वेगळ्या सुती फडक्यात ठेवावा. पायांतल्या चांदीच्या कल्ल्या लोकरीत वा रबरात बांधल्या की काळ्या पडतात. उठावाच्या पोकळीत लाख भरलेली असल्यास उन्हात किंवा गरम पाण्यात ती मऊ होते. सांधा निखळल्यास डाग देण्यास कारागीर तत्पर असतो, परंतु खडे न काढता आच लावू नये, अशी त्यास स्पष्ट ताकीद द्यावी. खाचांत बसलेला सिंदूर मी आता मुळीच उकरीत नाही. तो मळ नाही, असे सासूबाई म्हणतात.

त्या रागावल्या नाहीत. इहीच्या दिवशी ठिपका झाकावा म्हणून त्यांनी तायो किंचित डावीकडे वळवून बांधला, आणि रांगेत बसलेली पोर दर पाच मिनिटांनी तो सरळ करीत राहिली.