शौचातून रक्त आणि कंबरदुखी : अंदाज नको, तपासणी हवी



या पानावर एरवी मी बेणे, खत आणि पाण्याविषयी लिहितो. या वेळचा विषय चारचौघांत बोलायला अवघड आहे. पण लाजेपायी दुखणे लपवले जाते आणि त्यातूनच नुकसान होते, म्हणून लिहीत आहे. मी डॉक्टर नव्हे. लेखातील वैद्यकीय भाग तालुक्याच्या डॉक्टरांना दाखवून घेतला आहे.

ऊस पिवळा पडला की पुष्कळजण लगेच युरिया टाकतात. पण पिवळेपणा हा रोग नव्हे, ती खूण आहे. नत्र कमी असेल, चुनखडीच्या रानात लोह मिळत नसेल, पाणी साचले असेल किंवा खाली हुमणी मुळ्या खात असेल. हुमणी असताना युरिया टाकला तर पैसेही जातात आणि ऊसही जातो. बुडखा उकरून पाहिल्याशिवाय खरे कारण कळत नाही. शौचातून रक्त पडणे ही अशीच खूण आहे. आपण मात्र तिचे एकच नाव ठरवून टाकले आहे : मूळव्याध!

रक्त कशामुळे पडते?

१) मूळव्याध : गुदद्वाराच्या आतील रक्तवाहिन्या फुगतात. शौचाच्या वेळी लालभडक रक्त थेंबथेंब किंवा धारेने पडते. बहुधा दुखत नाही. जुना बद्धकोष्ठ, कुंथण्याची सवय आणि गरोदरपण ही नेहमीची कारणे.

२) चीर : खडा झाल्याने गुदद्वाराची कातडी फाटते. रक्त थोडेच, पण काचेने कापल्यासारखी आग होते आणि नंतरही ठणका राहतो.

३) आव व आतड्याची सूज : रक्ताबरोबर शेम पडते, पोटात मुरडा येतो. आठवड्यांमागून आठवडे हेच चालले तर ती साधी आव नसून आतड्याची जुनाट सूज असू शकते.

४) गाठ : मोठ्या आतड्यात लहान मांसल कोंब येतात, त्यांना डॉक्टर पॉलिप म्हणतात. त्यांपैकी काहींचा पुढे अनेक वर्षांनी कर्करोग होतो. सुरुवातीला तो दुखत नाही, म्हणूनच फसवतो.

५) जठरातील व्रण : येथले रक्त खाली येईपर्यंत काळे होते. शौचास डांबरासारखे काळे, चिकट होते. लोहाच्या गोळ्यांनीही रंग काळा होतो. तरी शंका असल्यास दाखवावे.

कंबर कशामुळे दुखते?

मोळ्या उचलणे, दिवसदिवस ट्रॅक्टरवर बसणे, वाकून काम करणे यांनी स्नायूंवर ताण येतो. मणक्यांमधील चकती सरकून शीर दाबली गेली, तर कळ पायात उतरते. बहुतेक वेळा अशा कंबरदुखीचा रक्ताशी संबंध नसतो. एकाच माणसाला दोन वेगळी दुखणी असतात. पण काही वेळा धागा एकच असतो, तो ओळखावा.

कंबरेसाठी दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या रोज खाल्ल्याने जठरात व्रण पडून रक्तस्राव होतो. तरुण माणसाची कंबर सकाळी आखडलेली असते, हालचालीने मोकळी होते आणि रक्तशेमही पडते, तेव्हा मणक्याची व आतड्याची सूज जोडीने असू शकते. बायकांना फक्त पाळीच्या दिवसांत दोन्ही त्रास होत असतील, तर गर्भाशयाच्या अस्तरासारखे अस्तर आतड्यावर वाढलेले असू शकते. तसे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. आणि गुदाशयातील गाठ मागे पसरली, तर माकडहाडाजवळ रात्रंदिवस दुखते.

आपल्या भागातील एका सभासदाने दीड वर्ष मूळव्याधीची औषधे घेतली. बाजारात औषध विकणाऱ्यापासून शेजारच्या गावच्या वैदूपर्यंत सगळे झाले, पण तपासणी कोणीच केली नाही. कंबर दुखू लागल्यावर तेलमालीश सुरू केले. शेवटी डॉक्टरांनी हातमोजा घालून बोटाने तपासले आणि दोन मिनिटांत गाठ हाताला लागली. जीव वाचला, परंतु शौचाची वाट कायमची पोटावर काढावी लागली. त्या दोन मिनिटांची लाज फार महाग पडली.

काय करावे?

रक्त एकदा जरी दिसले तरी पदवीधर डॉक्टरांना दाखवावे. बोटाने तपासणी करून घ्यावी आणि हिमोग्लोबिन पाहावे. डॉक्टरांनी दुर्बिणीची तपासणी सांगितली तर टाळू नये. वय पंचेचाळीसच्या पुढे असेल, शौचाची सवय बदलली असेल, वजन घटत असेल, अशक्तपणा असेल किंवा घरात कोणाला आतड्याचा कर्करोग झाला असेल, तर मुळीच थांबू नये. तरुणांनीही आपल्याला काय होणार असे समजू नये. गाठ लवकर सापडली तर बरी होण्याची शक्यता पुष्कळ असते. मूळव्याध असली तरी ती आहे हे कळणे फायद्याचेच.

रोजच्या जेवणात भाकरी, पालेभाजी, मोडाची कडधान्ये असावीत. पाणी भरपूर प्यावे. शौचाची भावना दाबू नये, कुंथत बसू नये. कुंथण्याने मूळव्याधही वाढते आणि कंबरेची कळही. कोणाच्याही सांगण्यावरून गुदद्वारावर जाळणारी औषधे लावू नयेत.

खालीलपैकी काही झाल्यास त्याच क्षणी १०८ ला फोन करून रुग्णालय गाठावे : रक्त थांबत नाही, चक्कर येते, काळे शौचास होते, किंवा कंबरदुखीबरोबर मांड्यांच्या मधला भाग बधिर होतो, लघवी अडते, शौचावर ताबा राहत नाही, पायातले बळ जाते. ही मज्जातंतू दबल्याची खूण आहे. यात काही तासांचा उशीरही कायमचे अपंगत्व आणू शकतो.

गळीत हंगामात "ऊस तुटून जाऊ दे, मग बघू" असे सगळेच म्हणतात. उसाची तोड चार दिवस मागेपुढे होऊ शकते. हे दुखणे मात्र आपल्या पाळीची वाट पाहत नाही. तरी सर्व सभासदांनी, तोडणी मजूर बंधु-भगिनींनी आणि घरातील बायकांनीही अंगावर न काढता वेळीच तपासून घ्यावे, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी