शून्याच्या मागे लागू नकोस

सई, तुझ्या टँकमधले कोरल आता रुळायला लागलेत, म्हणून आधी हे सांगते: नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आणायचा हट्ट धरू नकोस. आमच्या वेळी तेच शिकवायचे, कारण समुद्रातल्या प्रवाळांभोवतीच्या पाण्यात दोन्ही जवळजवळ नसतातच. पण तिथे प्रवाहाबरोबर सूक्ष्म जीव अखंड वाहत येतात आणि कोरलचं पोट भरतं. तुझ्या टँकमध्ये ते कुठून येणार? दोन्ही आकडे शून्याला टेकले की कोरलच्या पेशींत राहणारं शैवाल उपाशी पडतं, रंग फिका पडतो, आणि वाळूवर बुडबुडे धरलेला तपकिरी, चिकट थर पसरतो. तो डायनोफ्लॅजेलेटचा. एक वेळ हिरवं शेवाळ परवडलं, पण हा थर नको. नायट्रेट 2 ते 10 पीपीएम आणि फॉस्फेट 0.03 ते 0.1 पीपीएम, एवढ्यात ठेव.

मोजायचा वार आणि वेळ ठरवून टाक. माशांना खाणं घालायच्या आधीच पाणी काढ. टेस्टची नळी टँकच्याच पाण्याने विसळून घे. काही किटच्या बाटल्यांत औषध तळाशी बसतं. बाटली दणकून हलवली नाही तर नायट्रेट खोटंच कमी दिसतं. रंग दिवसाउजेडी खिडकीपाशी जुळव, टँकच्या निळ्या दिव्याखाली अजिबात नको. फॉस्फेटचे इतके बारीक फरक रंगाच्या कार्डावर डोळ्यांना कळत नाहीत, तिथे डिजिटल यंत्रच घे आणि नळीवरचे बोटांचे ठसे पुसून मगच आत ठेव. काही यंत्रं फॉस्फेट नव्हे, फॉस्फरस दाखवतात, तोही पीपीबीमध्ये. त्यावर 10 आलं तर फॉस्फेट साधारण 0.03 पीपीएम धर.

आकडा विचित्र आला तर आधी पुन्हा मोज, औषधाला हात नंतर लाव. आणि खडकांवर शेवाळ माजलेलं असताना फॉस्फेट शून्य आलं, तर त्यावर विश्वास ठेवू नकोस. पाण्यात उतरलेलं सगळं शेवाळानेच खाल्लेलं असतं.

आता कमी कसं करायचं. पाणी बदलून नायट्रेट उतरतं, पण हिशोबानेच: 50 असेल तर पाचवा हिस्सा पाणी बदलून 40 होईल, बस. फॉस्फेट मात्र चिवट आहे. ते खडकांत आणि वाळूत मुरतं. पाण्यातलं काढलंस की खडक पुन्हा सोडतात. दोन दिवसांत आकडा परत वर गेला म्हणून घाबरायचं नाही. जीएफओ, म्हणजे फॉस्फेट शोषणारे लोहाचे कण, वापरायचंच झालं तर पाकिटावरच्या मात्रेच्या निम्म्याने सुरुवात कर. फॉस्फेट झपकन पडलं तर कोरल सहन करत नाहीत, आणि तो धक्का चढ्या आकड्यापेक्षा वाईट. अशा वेळी केएच, म्हणजे पाण्याची क्षारता, तोही 7-8 च्या आसपास स्थिर ठेव. पोषण कमी आणि केएच चढा असला की फांद्यांची टोकं जळतात.

त्याआधी पाणी कुठून येतं ते बघ. इथे अमेरिकेत कित्येक शहरांत पाइप गंजू नयेत म्हणून नळाच्या पाण्यात फॉस्फेट घालतात. म्हणून टँकमध्ये आरओडीआयने गाळून शुद्ध केलेलंच पाणी घाल, आणि त्याचा टीडीएस शून्यच हवा. वर चढला की रेझिन बदल. आकडे उलट खाली गेले असतील, तर बाटलीतलं नायट्रेट घालण्याआधी माशांचं खाणं थोडं वाढवून बघ.

तुझ्या आईलाही पुण्यात असा टँक हवा आहे म्हणे. ताईला स्पष्ट सांग, भारतात रीफ बांधणारी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या अनुसूची 1 मध्ये आहेत. घरी पाळायची नाहीत, आणि तूही इथून बॅगेत तुकडा न्यायचा नाहीस. तिने नुसते समुद्री मासे ठेवावेत. त्यांना नायट्रेट 20-30 असलं तरी चालतं.

या रविवारी फॉस्फेट आणि केएच दोन्ही मोजून मला कळव. तोवर जीएफओची पिशवी उघडू नकोस.